हप्ता पडला का? रोख मदतीनं शेतकरी घरात नेमकं काय बदलतं

तीन एकर जिरायत रान आणि त्यात सोयाबीन, असं एक घर डोळ्यांपुढे आणा. एकरी सहा क्विंटल उतारा धरू. औसा-निलंग्याच्या काळ्या रानात बऱ्या वर्षी याहून जास्त येतो, भूम-परंड्याच्या माळावर कमी. भाव 4,200 रुपये धरला तर एकरी 25,200 रुपये झाले. त्यातून नांगरट, पाळी, बियाणं, खत, तणनाशक, दोन फवारण्या, काढणी आणि मळणी मिळून सोळा हजार वजा करा. घरच्या माणसांची मजुरी यात धरलेली नाही, ती कुणीच धरत नाही. एकरी 9,200 रुपये उरतात, तीन एकरांचे 27,600.

आता याच घरात थेट खात्यावर येणारे पैसे मांडू. केंद्राच्या पीएम किसानचे वर्षाला 6,000. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे 6,000. घरातल्या बाईच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500, म्हणजे वर्षाचे 18,000. एकूण 30,000 रुपये.

वर्षभर राबून तीन एकरांतून जेवढं उरतं, त्याहून जास्त पैसा सरकारकडून थेट येतो. या आकड्यानं आधी पोटात कालवायला हवं, कारण शेतमालाला भाव किती पडलेला आहे हे तो सांगतो. 2024-25 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि मराठवाड्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांनी त्याच्या कितीतरी खाली माल घातला. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही बघायला हवी. तीस हजार ही अशा घरासाठी किरकोळ रक्कम नाही. मग काही घरांत या पैशानं खरंच फरक पडला आणि काही घरांत तो आला तसा गेला, असं का होतं?

माझ्या मते रक्कम महत्त्वाची आहेच, पण निम्म्याहून अधिक गोष्ट दोन प्रश्नांवर ठरते. पैसा कोणत्या महिन्यात येतो, आणि घरात कुणाच्या हातात येतो.

जूनमधले दोन हजार आणि ऑगस्टमधले दोन हजार

मृग निघाला की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर गर्दी होते. तिथं दोन प्रकारची माणसं उभी असतात. एकाच्या खिशात रोख असते. तो कंपनी विचारतो, पिशवीवरची उगवणक्षमता आणि तारीख वाचतो, पावती मागतो. पटलं नाही तर शेजारच्या दुकानात जातो. दुसऱ्याचं खातं दुकानदाराच्या वहीत असतं. त्याला जी पिशवी मिळेल ती घ्यावी लागते. डीएपीच्या गोणीची ठरलेली किंमत 1,350 रुपये. पण तिच्यासोबत नको असलेली कसलीतरी बाटली नाहीतर दाणेदार खताची पिशवी गळ्यात मारली जाते. याला सगळीकडे ‘लिंकिंग’ म्हणतात. रोखीवाला निदान वाद घालतो. उधारीवाल्याला तोंड उघडायची सोय नसते, कारण पुढची फवारणीही याच दुकानातून उचलायची आहे. वर उधारीचा दर वेगळा लागतो तो लागतोच. दिवाळीत माल निघाला की वहीतला आकडा फेडायचा.

हीच गोष्ट सावकाराची. शेकडा पाचनं जूनमध्ये वीस हजार घेतले, तर महिन्याला हजार रुपये व्याज. नोव्हेंबरपर्यंत पाच महिन्यांचे पाच हजार. म्हणजे पेरणीच्या पैशावर पाव हिस्सा व्याज. वर्षाचा दर काढला तर साठ टक्के होतो. पीककर्ज वेळेवर भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंत शून्य टक्क्यानं मिळतं. पण मागची बाकी राहिली, खातं थकलं, की ते दार बंद होतं, आणि मराठवाड्यात एका दुष्काळानंतर थकलेली खाती वर्षानुवर्षं तशीच राहतात.

आता पेरणीच्या तोंडावर खात्यावर चार हजार पडले असं समजा. दोन पीएम किसानचे, दोन नमोचे. तीन एकरांचा सगळा खर्च त्यात भागत नाही. पण बरंचसं बियाणं रोखीनं येतं. वीसऐवजी सोळा हजारांनीच हात पसरावा लागतो, आणि त्या चार हजारांवरचं पाच महिन्यांचं हजार रुपये व्याज वाचतं. एकाच रकमेची किंमत जूनमध्ये पाच हजार आणि दिवाळीनंतर चार हजारच, असा हा सरळ हिशोब आहे.

पण पैसा जूनमध्ये येतो का? पीएम किसानचा पहिला हप्ता एप्रिल ते जुलै या काळाचा असतो. हा हप्ता 2022 मध्ये 31 मेला आला. 2023 मध्ये 27 जुलैला, 2024 मध्ये 18 जूनला, आणि 2025 मध्ये थेट 2 ऑगस्टला. 31 मेचा हप्ता बियाण्याला लागतो. 2 ऑगस्टला सोयाबीन फुलोऱ्याकडे निघालेलं असतं, खुरपणी-कोळपणी उरकलेली असते, आणि बियाण्याची उधारी होऊन दोन महिने झालेले असतात. तो हप्ता फवारणीला किंवा किराण्याच्या बाकीला जातो. वाया जात नाही. पण जे काम तो पेरणीआधी करू शकला असता ते हुकतं. शासनाच्या कागदावर दोन्ही वर्षी एप्रिल-जुलैचे 2,000 रुपये दिल्याचीच नोंद असते, कारण तिथं चार महिने हाच एक कप्पा आहे. शेताला चार महिन्यांचा कप्पा चालत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला, वाफसा आला, की चार-पाच दिवसांत चाड्यावर मूठ धरावी लागते.

मराठवाड्यासाठी या योजनेत एकच दुरुस्ती करायची झाली तर मी म्हणेन, उन्हाळ्यातला हप्ता दरवर्षी 31 मेच्या आत द्या आणि तारीख आधी जाहीर करा. सरकारला यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही. तारीख पक्की माहीत असेल तर माणूस तिच्या भरवशावर बेत आखतो. आता दर वेळी पारावर विचारणा सुरू असते, “हप्ता पडला का? मेसेज आला का कुणाला?” आणि अशा अंदाजावर कुणी पेरणीचं नियोजन करत नाही.

घरचं बियाणं का राहत नाही

रोख पैसा घरात आला की काय बदलतं हे समजायला ऑक्टोबर बघावा लागतो. मळणी झाली की देणेकरी दारात येतात. कृषी केंद्राची वही, सावकार, मळणीयंत्रवाला, किराणा. म्हणून सगळा माल आठ दिवसांत आडतीवर जातो, नेमका जेव्हा आवक सर्वांत जास्त आणि भाव सर्वांत पडलेला असतो. सगळं विकल्यामुळे घरात पोतंभरसुद्धा सोयाबीन उरत नाही. पुढच्या जूनमध्ये बियाण्याची पिशवी परत विकत, परत उधारीवर.

खरं तर सोयाबीनचं बियाणं दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. हे पीक स्वपरागीभवनाचं आहे. चांगल्या वाणाचं बियाणं एकदा आणलं तर त्याचंच उत्पादन पुढे दोन-तीन वर्षं पेरता येतं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, सत्तर उगवले की बियाणं पेरायला योग्य. कृषी सहायक दर उन्हाळ्यात हेच सांगत फिरतात. शेतकऱ्याला ते कळत नाही असं नाही. पण ऑक्टोबरात दारात देणेकरी उभा असताना एकरी तीस किलोप्रमाणे क्विंटलभर सोयाबीन बाजूला ठेवायचं, तर चार हजारांचा माल अडकवून ठेवण्याची ऐपत लागते. ही ऐपत एका चार हजारांच्या हप्त्यानं येते. पुढच्या वर्षी तीन पिशव्यांचे पैसे वाचतात, उधारी तेवढी कमी होते, त्यामुळे दिवाळीत थोडा जास्त माल थांबवता येतो. छोट्या रकमेचा मोठा परिणाम होतो तो असा, एका हंगामातून दुसऱ्या हंगामात सरकत.

माल थांबवला की भाव वाढतोच, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. 2021 च्या दिवाळीत पाच हजारांच्या आसपास असलेलं सोयाबीन पुढच्या मार्च-एप्रिलात सात हजारांवर गेलं. ज्यांनी थांबवलं ते तरले. 2024 च्या हंगामात ज्यांनी थांबवलं त्यांना वसंतात दिवाळीपेक्षाही कमी भाव मिळाला. रोख मदत तुम्हाला थांबायची मुभा देते, भाव देत नाही. हा फरक राज्यकर्ते सोयीनं विसरतात. खात्यावर बारा हजार टाकले म्हणून हमीभावानं खरेदीची जबाबदारी संपत नाही. सुरुवातीचा हिशोब परत बघा. क्विंटलला सातशे रुपये कमी मिळाले तर अठरा क्विंटलांवर 12,600 रुपये जातात, म्हणजे पीएम किसान आणि नमो दोन्ही मिळून जे आलं ते सगळं.

महिन्याला थोडं की एकदम मोठं

रोख मदतीवर जगात भरपूर अभ्यास झाला आहे, आणि त्यातल्या काही गोष्टी आपल्याकडे जशाच्या तशा लागू पडतात. केनियाच्या पश्चिम भागात 2011 ते 2013 या काळात गिव्हडायरेक्टली या संस्थेनं गरीब घरांना कोणतीही अट न घालता पैसे दिले. काही घरांना दर महिन्याला थोडे, काहींना एकरकमी. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो या संशोधकांनी या घरांची तुलना पैसे न मिळालेल्या घरांशी केली. महिन्याला पैसे मिळणाऱ्यांच्या घरात खाणंपिणं सुधारलं. एकरकमी मिळणाऱ्यांनी टिकाऊ वस्तूंवर जास्त खर्च केला. जनावरं आली, गवताच्या छपराच्या जागी पत्रे आले. दारू-तंबाखूवरचा खर्च दोन्हीकडे वाढला नाही.

पुढे केनियातच अभिजित बॅनर्जी, तवनीत सुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लांब पल्ल्याचा प्रयोग अभ्यासला. त्यात काही गावांना बारा वर्षं दर महिन्याला पैसे मिळणार असं पक्कं सांगितलेलं होतं. तिथल्या लोकांनी आपसात भिशीसारखे गट केले आणि मासिक पैशातूनच पाळीपाळीनं मोठी रक्कम उभी केली. पुढची बारा वर्षं पैसा येणार, या खात्रीचा हा परिणाम होता.

मराठवाड्यातल्या बाया हे करतातच. गावागावांत बचत गट आहेत, भिशी आहे. लाडकी बहीणचे 1,500 रुपये ऑगस्ट 2024 पासून यायला लागले, तेव्हापासून गटातल्या गप्पांत एक बदल मला जाणवतो. आधी गटाचा हप्ता भरायला नवऱ्याकडे नाहीतर शेजारणीकडे मागावं लागायचं. “आता माझं मीच भरते, त्यांना इचारायचं काम नाही,” असं मंठा तालुक्यातली एक ताई सहज बोलून गेली. तिनं सहा महिन्यांचे पैसे मोडले नाहीत. नऊ हजार झाल्यावर उस्मानाबादी शेळी घेतली, तीही गाभण. ही जात जुळ्यांसाठी नावाजलेली. कमी चाऱ्यावर निभते, उन्हाळ्यात तग धरते. तिला दोन करडं झाली, एक बोकड बकरी ईदच्या आधी विकला गेला. त्या पैशात घराची पत्र्याची पडवी झाली आणि मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची फी भरली. शेळी कुणाची, असं विचारल्यावर तिचा नवरा म्हणाला, “तिची हाय. मला कामून इचारता?” त्या घरात काय बदललं हे मला या उत्तरात दिसलं.

सगळीकडे असं होत नाही, हेही तितकंच खरं. मायक्रोफायनान्सचं कर्ज मराठवाड्यातल्या गावांत खोलवर शिरलं आहे. वर्षाला वीस टक्क्यांहून जास्त व्याज, आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला वसुली. ज्या घरात अशी तीन-तीन कर्जं आहेत तिथं 1,500 रुपये आले त्याच दिवशी निघून जातात. बाईच्या नावावर पैसा आला, पण तिचा हात त्याला लागला नाही. तरीही वसुलीवाला दारात बसून राहण्याची वेळ टळते, आणि ही गोष्ट ज्यांनी सोसली आहे त्यांना लहान वाटत नाही.

दारू आणि आळस

पारावर आणि शहरातही दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला, पैसा दारूत जातो. जगभरातल्या अभ्यासांचा आढावा जागतिक बँकेच्या संशोधकांनी घेतला, त्यात असा परिणाम आढळला नाही. मला हे पटतं, कारण दारू पिणारा माणूस हप्त्याची वाट बघत थांबत नाही, तो आधीही पीत होता. काही घरांत नवरा बायकोकडून पैसे हिसकावतो हे मी नाकारत नाही. त्यावर उपाय म्हणजे दारूबंदी कायद्याची अंमलबजावणी आणि त्या बाईला पोलीस ठाण्यात मिळणारी वागणूक. शेजारच्या नव्व्याण्णव घरांचे पैसे बंद करणं हा उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप मोठे शेतकरी करतात. “लाडकी बहीण झाल्यापासून खुरपायला बाया मिळेनात.” खुरपणीचा रोज दोनशे-तीनशे रुपये आहे. 1,500 म्हणजे पाच ते साडेसात दिवसांची मजुरी. तेवढ्यावर महिनाभर घरी बसून कुणाचं भागेल? मध्य प्रदेशात 2011-12 मध्ये ‘सेवा’ संस्थेनं युनिसेफच्या मदतीनं एक प्रयोग केला. इंदूर जिल्ह्यातल्या काही गावांत प्रत्येक माणसाला विनाअट रोख पैसे दिले. मोठ्यांना आधी महिना 200 आणि नंतर 300 रुपये, लहान मुलांना त्याच्या निम्मे. तिथं लोकांनी काम सोडलं नाही. उलट अनेक लहान शेतकरी दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचे ते स्वतःच्या रानात जास्त राबू लागले, जनावरं वाढली, मुलांच्या शाळेवर खर्च वाढला. ऐन पेरणीत स्वतःचं रान सोडून दुसऱ्याकडे रोजानं जावं लागणं यासारखी शेतकऱ्याची दुसरी कोंडी नाही. संध्याकाळच्या पिठाची सोय असेल तर तो आधी स्वतःचं रान पेरतो. मोठ्या शेतकऱ्याला मजूर कमी पडतात ते थोडंफार यामुळे. मजुरीचा दर थोडा वाढतो तोही यामुळे, आणि तो वाढावा असंच मला वाटतं.

उचल : जिथं ही मदत हरते

आता मराठवाड्यातल्या सर्वांत मोठ्या रोख रकमेबद्दल बोलू. ती सरकार देत नाही, मुकादम देतो. बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या कोरडवाहू पट्ट्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यातच मुकादम कोयत्यामागे उचल देतो. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या वरही जाते. दिवाळी झाली की टोळी निघते. पुढचे पाच-सहा महिने उचल फिटेपर्यंत तोड करायची. आजारपणानं एक दिवस घरी राहिलं तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपून उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. म्हणजे पुढच्या वर्षी जायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही.

हे घर आणि सुरुवातीचं तीन एकरांचं घर पुष्कळदा एकच असतं. मग तीस हजार खात्यावर येत असताना हे लोक का जातात? कारण उचल एकदम मिळते आणि हवी तेव्हा मिळते. लग्न, दवाखाना, घराचं बांधकाम, बोअर, जुनं कर्ज, यांपैकी काहीच 1,500 किंवा 2,000 च्या तुकड्यांनी होत नाही. सरकारी मदत स्वस्त आहे, तिला परतफेड नाही, अट नाही. पण ती थेंबाथेंबानं येते आणि लेकीच्या लग्नाची तारीख त्यासाठी थांबत नाही. उचल सहा महिन्यांची मजुरी आधीच बांधून घेते, पोरांची शाळा मोडते, बाईच्या अंगावर काढलेल्या दुखण्यांची किंमत वसूल करते. तरी ती घेतली जाते.

केनियातल्या एकरकमी पैशाचा धडा इथं उपयोगी पडतो. कुटुंबाची संमती असेल तर वर्षाचे सगळे हप्ते जुलैमध्ये एकदम द्यायची सोय असती, तर पहिल्यांदाच कोयता घ्यायला निघालेल्या जोडप्यांपैकी काहींनी थांबण्याचा विचार केला असता. सगळ्यांनी नाही. सत्तर-ऐंशी हजारांच्या बाकीपुढे तीस हजार पुरत नाहीत. पण ज्यांची गरज वीस-पंचवीस हजारांची आहे आणि तेवढ्यासाठी जे सहा महिने उसाच्या फडात काढतात, त्यांच्यासाठी हा पर्याय खरा ठरला असता. बचत गटांमार्फत हे आजही थोडंफार करता येतं. महिन्याला येणारा पैसा तारण धरून गट सभासदाला एकदम वीस हजार देऊ शकतो. काही गट देतातही.

पाणी ओसरल्यावर

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यानं पाहिलेला पाऊस दुष्काळाची सवय असलेल्या डोळ्यांना खरा वाटत नव्हता. सिना, मांजरा, गोदावरी पात्र सोडून वाहिल्या. काढणीला आलेलं सोयाबीन शेंगेतच उगवलं, जनावरं दावणीला बुडाली, नदीकाठची माती खरवडून गेली. राज्यानं ऑक्टोबरात 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आपत्तीच्या ठरलेल्या निकषांनुसार जिरायत पिकाला हेक्टरी 8,500 रुपये मिळतात. एकराचा हिशोब केला तर सुमारे 3,400. वर रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 रुपये वेगळे जाहीर झाले.

या दुसऱ्या रकमेमागचा विचार मला योग्य वाटला. नुकसान कधीच भरून निघत नाही, पण हरभरा आणि ज्वारी पेरायला हातात पैसा असेल तर वर्ष पूर्ण बुडत नाही. इथंही सगळं तारखेवर येतं. हरभऱ्याची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी लागते. पंचनामा, यादी, फार्मर आयडी, केवायसी या वाटेनं पैसा डिसेंबरात आला तर तो बियाण्याचा पैसा राहत नाही. आणि एक जुनं दुखणं. मदत खात्यात पडते आणि थकीत कर्जामुळे बँक खात्याला होल्ड लावते. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये असे आदेश सरकार दर आपत्तीत काढतं. शाखेत गेलेल्या माणसाला तो आदेश कुणी दाखवत नाही. तहसीलदारांकडे लेखी तक्रार केल्यावर होल्ड निघतो. तोंडी विनवणीवर निघत नाही.

सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसं

शेतकऱ्यांना मिळणारी बहुतेक मदत सातबाऱ्याला बांधलेली आहे. रान बटईनं किंवा ठोक्यानं करणारा, प्रत्यक्ष कसणारा माणूस यात बसत नाही. पैसा संभाजीनगरला किंवा पुण्याला नोकरीला असलेल्या मालकाच्या खात्यावर जातो, बियाण्याची उधारी बटईदाराच्या नावावर राहते. शेजारच्या तेलंगणानं 2018 मध्ये रयतू बंधू सुरू केली. एकरी हंगामाला 4,000 रुपये, पुढे 5,000. धर्माबाद-देगलूरकडचे शेतकरी तिच्याकडे आशेनं बघत होते. पेरणीआधी पैसा देण्याचा विचार तिथं मुळापासून होता आणि तो आपण घ्यायला हवा. पण तिथंही पैसा जमिनीच्या मालकालाच मिळाला, कसणारा बाहेर राहिला, आणि ज्याची जमीन जास्त त्याला पैसा जास्त.

बाईचं नाव सातबाऱ्यावर आलं तर काय होतं तेही बघा. पीएम किसान आणि नमो मिळून महिना हजार रुपये ज्या बाईला मिळतात, तिला लाडकी बहीणचे फक्त 500 मिळतात. रान नवऱ्याच्या नावावर असेल तर घरात 30,000 येतात. तेच रान बायकोच्या नावावर असेल तर 18,000. बाईच्या नावावर जमीन व्हावी म्हणून एकीकडे लक्ष्मी मुक्तीसारखी योजना आहे, आणि दुसरीकडे तसं केलेल्या घराला वर्षाला बारा हजारांचा फटका. हा नियम बदलायलाच हवा.

सर्वांत मोठा अन्याय विधवांवर होतो. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर चौकशी होऊन प्रकरण पात्र ठरलं तर एक लाखाची मदत मिळते. 2006 पासून रक्कम तीच आहे. 30,000 हातात आणि 70,000 ठेवीत. मराठवाड्यात 2023 या एका वर्षात हजारांहून अधिक शेतकऱ्यांनी जीव दिला. नवऱ्याचं कर्ज मागायला लोक दहाव्याच्या आधी येतात. सासरे किंवा दीर वारस नोंदीला आडकाठी करतात, तोवर पीएम किसानही बंद. रोख मदतीची सर्वांत जास्त गरज ज्या घराला, त्या घरातला पैसा नेमका कागदावर अडतो. गावच्या तलाठ्यानं आणि सरपंचानं महिन्याच्या आत वारस नोंद लावून दिली, तर त्या बाईचं पुढचं वर्ष वेगळं जाऊ शकतं. पीएम किसानसाठी जमीन 1 फेब्रुवारी 2019 पर्यंत नावावर झालेली असावी लागते, पण वारसानं मिळालेल्या जमिनीला ही अट आड येत नाही, हेही तिला कुणीतरी सांगायला हवं. ही तारीख खरेदीनं जमीन घेतलेल्यांसाठी आहे.

पैसे आले नाहीत तर कुठं बघायचं

हप्ता ‘आला नाही’ असं वाटणाऱ्या पुष्कळ घरांत तो दुसऱ्याच खात्यावर आलेला असतो. थेट मदत खाते क्रमांकावर जात नाही, आधारवर जाते. ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलं, त्या खात्यात पैसा पडतो. कधीकाळी मोबाइलवर किंवा गॅसच्या वेळी उघडलेल्या विसरलेल्या खात्यात तो पडून राहिलेला मी पाहिला आहे. आधारच्या संकेतस्थळावर किंवा जवळच्या सेवा केंद्रावर ‘बँक सीडिंग’ बघितलं की कोणती बँक जोडलेली आहे ते कळतं.

त्यानंतर पीएम किसानच्या स्टेटसमध्ये तीन रकाने बघायचे : ई-केवायसी, आधार सीडिंग आणि लँड सीडिंग. लँड सीडिंगपुढे ‘नो’ दिसलं तर सातबारा आणि आठ-अ घेऊन तहसील किंवा तालुका कृषी कार्यालयात जावं लागतं, सेवा केंद्रवाल्याला पैसे देऊन ते होत नाही. राबून बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. त्यांच्यासाठी पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी करायची सोय 2023 पासून आहे, आणि शेजारच्या कॉलेजातल्या पोराच्या मोबाइलवरही ती होते. बँक मित्राकडे अंगठा देऊन पैसे काढताना पावती मागून घ्या. काढलेली रक्कम आणि उरलेली शिल्लक तीवर छापलेली असते. हे सगळं मे महिन्यात, पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आधी उरकलेलं बरं.